डीएनएस योजना, आभासी यंत्रांची
डीएनएस योजना, आभासी यंत्रांची : क्लाउड जालातील आभासी यंत्रांना इतर संगणकांचे पत्ते नावांवरून मिळावेत, म्हणून केलेली व्यवस्था. संगणक परस्परांशी अंकीय पत्त्यांनी (उदा., १०.०.१.५) संपर्क साधतात. आर्पानेट या आद्य जालातील नावे व पत्ते एकाच मध्यवर्ती यादीत ठेवीत. संगणक वाढल्यावर ती अपुरी पडू लागली, तेव्हा पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएस ही विकेंद्रित नामप्रणाली मांडली.

एका प्रत्यक्ष संगणकावर आज्ञावलीच्या साहाय्याने चालविलेल्या स्वतंत्र संगणकास आभासी यंत्र म्हणतात. अशी यंत्रे गरजेप्रमाणे निर्माण व नष्ट केली जातात. त्यामुळे पत्ता बदलू शकतो. नाव हीच टिकाऊ ओळख ठरते.

यंत्र सुरू होताना त्याला स्वतःच्या पत्त्याबरोबरच नामसेवकाचा (नावावरून पत्ता सांगणाऱ्या संगणकाचा) पत्ताही डीएचसीपी या पद्धतीने जालाकडून मिळतो. म्हणून नामसेवक सामान्यतः जालाच्या पातळीवर ठरवितात. यंत्रातील धारिकेत हाताने केलेला बदल पत्त्याचे नूतनीकरण होताना पुसला जाण्याचा संभव असतो.

मायक्रोसॉफ्टच्या ॲझूर सेवेत मूळ नामसेवकाचा पत्ता १६८.६३.१२९.१६ हा आहे. एकाच आभासी जालातील यंत्रांची नावे तो आपोआप सोडवितो. दोन जालांमध्ये मात्र ती सोय नसते. त्यासाठी खाजगी नामक्षेत्र निर्माण करून ते दोन्ही जालांना जोडतात किंवा स्वतःचा नामसेवक नेमतात. असा नामसेवक संपूर्ण जालासाठी किंवा एकाच यंत्राच्या जालपत्रकासाठी नेमता येतो. दोन्ही नेमले असल्यास जालपत्रकावरील योजना ग्राह्य धरली जाते. स्वतःच्या नामसेवकाने ॲझूरमधील अंतर्गत नावांविषयीची पृच्छा वरील मूळ पत्त्याकडे पाठविणे आवश्यक असते. हा दुवा राहून गेल्यास यंत्रे चालू असूनही एकमेकांना नावाने सापडत नाहीत. उदा., संकेतस्थळाच्या यंत्रास विदासंचयाचे यंत्र न सापडल्याने सर्व सेवा ठप्प होते. नामसेवक एकच असल्यास त्याच्या बिघाडाचाही हाच परिणाम होतो. म्हणून किमान दोन नेमतात.

जालाचा नामसेवक बदलल्यावर चालू यंत्रांना तो लगेच कळत नाही. त्यासाठी डीएचसीपीचे नूतनीकरण करतात किंवा यंत्र पुन्हा सुरू करतात. तसेच प्रत्येक नोंदीला सेकंदांत मोजलेली मुदत असते. ती संपेपर्यंत जुना पत्ता स्मृतीत राहतो. म्हणून नियोजित बदलापूर्वी मुदत कमी करून ठेवतात.