रोटाविषाणूची लस : काय साधले?

१९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बालकांच्या आतड्यातील पेशींत जो विषाणू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तो सधन आणि निर्धन अशा सर्वच देशांतील अर्भकांना ग्रासत असल्याने, निव्वळ स्वच्छतेच्या बंदोबस्ताने हगवणीची ही साथ आटोक्यात येणार नाही हे उघड झाले, आणि लसीची निकड भासू लागली.

मेक्सिकोत २००६-०७च्या सुमारास लसीकरण जारी झाल्यावर २००८ साली पाच वर्षांखालील बालकांचे हगवणीने होणारे मृत्यू पूर्वीच्या मानाने सुमारे ३५ टक्क्यांनी उतरले. अमेरिकेत तर, ज्यांनी लस घेतलीच नव्हती अशा मोठ्या मुलांवर व प्रौढांवरही इस्पितळात दाखल होण्याचे प्रसंग कमी येऊ लागले, कारण बाळांकडून पसरणारा संसर्गच ओसरला होता.

दिल्लीतील नवजात बालकांत आढळलेल्या विषाणूपासून सिद्ध झालेल्या ‘रोटाव्हॅक’ या भारतीय लसीची चाचणी दिल्ली, पुणे व वेल्लोर येथे झाली, तीत पहिल्या वर्षी तीव्र आजारापासून सुमारे ५६ टक्के संरक्षण मिळाले. सरकारी कार्यक्रमात रोटाविषाणूची लस २०१६ साली चार राज्यांत, तर २०१९ साली महाराष्ट्रात दाखल झाली. सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यांत ती तोंडावाटे विनामूल्य दिली जाते.

तथापि हगवणीच्या इतर जंतूंवर ही लस चालत नाही. म्हणून बाळाचे डोळे खोल गेले, किंवा पोटावरील त्वचेची चिमटीत धरलेली घडी सावकाश विरू लागली, तर जलसंजीवनी पाजत त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.