फोटोच्या पोटातली नोंद

नागपूरहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की साठ-पासष्ट किलोमीटरवर जाम येतं. वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यातलं हे गाव बाहेरच्यांना ठाऊक आहे ते चौरस्त्यामुळे. सरळ गेलात तर हिंगणघाट आणि पुढे तेलंगण, वळलात तर वरोरा, चंद्रपूर. ताडोब्याला निघालेल्या गाड्याही इथूनच वळतात. या चौरस्त्यावर उभं राहून कुणी मोबाईलवर फोटो काढला, की त्या फाईलमध्ये चित्राच्या आधी काही नोंदी लिहिल्या जातात. फोन कोणत्या कंपनीचा, कोणतं मॉडेल, किती वाजता बटण दाबलं, फोन आडवा धरला होता की उभा आणि लोकेशन चालू असेल तर जागेचे अक्षांश-रेखांश. चित्र पाहणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही. ते वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरची अवजारं वेगळी असतात. प्रोग्रामर त्यांना लायब्ररी म्हणतात.

या नोंदींची पद्धत जपानमधून आली. डिजिटल कॅमेरे नुकते बाजारात येत होते, तेव्हा १९९५मध्ये तिथल्या इलेक्ट्रॉनिक उद्योगाच्या संघटनेने एक्झिफ नावाचं मानक ठरवलं. जेपेग फाईल आतून उघडली तर पहिले दोन बाइट ठरलेले असतात, एफएफ आणि डी८. त्यानंतर लवकरच एक कप्पा लागतो आणि त्याच्या तोंडाशी एक्झिफ हीच अक्षरं लिहिलेली असतात. पुढे दोन आय किंवा दोन एम. आकडे डावीकडून वाचायचे की उजवीकडून, हे त्यावरून कळतं. ही अक्षरं इंटेल आणि मोटोरोला या दोन कंपन्यांच्या नावांवरून आली. त्या कंपन्यांच्या चिपांत आकडे मांडण्याची रीत उलटसुलट होती. तो मतभेद आजही आपल्या प्रत्येक फोटोत बसलेला आहे. मग येतो ४२ हा आकडा. त्याला तांत्रिक अर्थ काही नाही, फाईलची ओळख पटावी एवढंच त्याचं काम. त्यानंतर बारा-बारा बाइटांच्या नोंदींची यादी सुरू होते. प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो: २७१ म्हणजे कंपनी, २७४ म्हणजे फोटोची दिशा, ३६८६७ म्हणजे फोटो काढल्याची वेळ.

पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकणाऱ्या मुलांची या यादीशी पहिली गाठ पडते ती पिलो या लायब्ररीतून. तिचं मूळ फ्रेडरिक लुंड यांनी १९९५च्या सुमारास लिहिलेल्या पिल या लायब्ररीत आहे. ते काम थंडावल्यावर २०१०मध्ये ॲलेक्स क्लार्क यांनी त्याची नवी फांदी काढली. फोटो उघडायचा, गेट-एक्झिफ म्हणायचं आणि क्रमांकांची यादी हातात येते. नवशिका इथेच फसतो. या यादीत ३४८५३ या क्रमांकापुढे जागेचा पत्ता असायला हवा, पण दिसतो एक भलताच आकडा. तो पत्ता नव्हेच. जीपीएसची आतली वेगळी यादी नोंदींच्या कप्प्यात कितव्या बाइटावर सुरू होते, ते तो सांगतो. ती यादी स्वतंत्रपणे मागावी लागते. काढल्याची वेळही अशीच आतल्या यादीत असते. अनेक जण वरची यादी पाहून ‘फोटोत काहीच नाही’ म्हणतात आणि उठतात.

पूर्वी गावात पत्र आलं की पोस्टमनच ते वाचून दाखवायचा. लायब्ररीचं काम तेवढंच आहे. पत्रातला मजकूर खरा आहे, अशी हमी पोस्टमन देत नसे आणि लायब्ररीही देत नाही.

वेळेचंच पाहा. एक्झिफमध्ये तारीख विचित्र लिहितात: वर्ष, महिना, दिवस यांच्यामध्ये आडव्या रेघेऐवजी दोन टिंबं. त्याहून मोठी उणीव म्हणजे ही वेळ कोणत्या देशाची, हे सांगायला २०१६पर्यंत या मानकात जागाच नव्हती. फोनच्या घड्याळात जे दिसलं ते फाईलमध्ये उतरलं. जीपीएसच्या यादीत मात्र दुसरं घड्याळ असतं आणि ते उपग्रहांकडून येतं, ग्रीनिचच्या वेळेचं. म्हणजे जामला सकाळी १० वाजून ३२ मिनिटांनी काढलेल्या फोटोत एका यादीत १०:३२, तर दुसऱ्या यादीत ५:०२. दोन्हींत साडेपाच तासांचा फरक हवा. पहाटे पाचला कुणी वावरात जाऊन फोटो काढला, तर जीपीएसच्या यादीत आदल्या दिवसाची तारीख पडते. हे ठाऊक नसलेला कारकून त्या फोटोला खोटा ठरवून मोकळा होईल!

जाणत्याला मात्र हाच फरक उपयोगी पडतो. फोनला त्या क्षणी उपग्रह सापडले नाहीत, तर बरीच कॅमेरा ॲप्स शेवटची माहीत असलेली जागा चिकटवून देतात. हिंगणघाटहून निघालेल्या माणसाच्या जामच्या फोटोवर मग हिंगणघाटचा पत्ता येऊ शकतो. अशा वेळी दोन घड्याळांतला फरक साडेपाच तासांहून दहा-पंधरा मिनिटांनी जास्त निघाला, तर पत्ता शिळा असल्याची शंका घ्यायला जागा आहे. लायब्ररी हे स्वतःहून सांगणार नाही. ती दोन्ही आकडे देते, वजाबाकी आपण करायची.

जागेचे आकडे अपूर्णांकांत साठवलेले असतात: अंश, मिनिटं, सेकंद, प्रत्येकाला वेगळा अंश आणि छेद. जामचा फोटो असेल तर २० अंश उत्तर आणि ७८ अंश पूर्व, पुढे मिनिटं आणि सेकंद. उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम ही अक्षरं वेगळ्या नोंदीत असतात. ती न वाचणारा प्रोग्राम जामला बरोबर चालतो आणि लंडनच्या पश्चिमेला गेला की चुकतो. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे जमिनीवर सुमारे ३१ मीटर. कुणी सोयीसाठी सेकंदाचा दशांश छाटला, तर पत्ता धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याच्या पऱ्हाटीत जाऊन पडू शकतो. २०२१च्या ऑगस्टपासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पेऱ्याची नोंद शेतकऱ्याने स्वतः, वावरात उभं राहून, मोबाईलवर पिकाच्या फोटोसह करायची ठरलं. तेव्हापासून समुद्रपूर तालुक्यातल्या कापूस-सोयाबीनवाल्यालाही अक्षांश-रेखांशांशी मतलब आला आहे. सातबाऱ्यावर पिकाचं नाव चढण्याचा रस्ता आता त्यांच्यावरून जातो.

अक्षांश-रेखांशांचं आणि या रस्त्याचं नातं मात्र मोबाईलच्या कितीतरी आधीचं. देशाच्या मोजणीला निघालेल्या विल्यम लॅम्ब्टन यांनी १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ पहिली पायारेषा मोजायला घेतली आणि साखळ्या, मनोरे आणि कोन मोजायचा अर्ध्या टनाचा थिओडोलाइट घेऊन ७८व्या रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत राहिले. जाममधून जाणारा रस्ता जी दोन शहरं जोडतो, त्याच हैदराबाद-नागपूर वाटेवर जानेवारी १८२३मध्ये हिंगणघाटला त्यांचा मृत्यू झाला. त्यांची कबर तिथेच आहे. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्ट यांनी नेलं आणि त्या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचं जे गणित निघालं, त्यावर हिंदुस्थानचे नकाशे उभे राहिले. आजचं जीपीएस वेगळं गणित वापरतं. दोन्ही गणितांत तेच आकडे टाकले तर जमिनीवर एकच जागा मिळत नाही. म्हणून एक्झिफच्या जीपीएस यादीत, अठराव्या क्रमांकावर, कोणतं गणित वापरलं हे लिहायची सोय ठेवली आहे. किती प्रोग्रामर ती वाचतात, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

या अवजारांत सगळ्यात दांडगं अवजार म्हणजे कॅनडातल्या फिल हार्वी यांचं एक्झिफटूल, २००३पासून चालू असलेलं. कॅमेरा कंपन्या ३७५०० या क्रमांकाखाली आपापल्या खासगी नोंदी ठेवतात आणि त्यांची लिपी सहसा जाहीर करत नाहीत. हार्वी आणि त्यांना फाईली पुरवणारे जगभरचे हौशी लोक वर्षानुवर्षं एकेक बाइट उलगडत बसले, म्हणून आज त्या वाचता येतात. जगभरातली केवढी कामं या एका माणसाच्या चिकाटीवर उभी आहेत! त्यातलं भयही २०२१मध्ये दिसलं. चित्राच्या नोंदींत दडवलेला मजकूर एक्झिफटूल वाचता वाचता आज्ञा म्हणून पाळत असल्याचं उघड झालं आणि फोटोंमधल्या नोंदी पुसण्यासाठी ते वापरणाऱ्या, प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅबच्या सर्व्हरांवर याच वाटेने हल्ले झाले. दुरुस्ती मात्र लगेच आली होती.

जामवरून जाणाऱ्या याच राष्ट्रीय महामार्ग ४४वर, नागपूरच्या उत्तरेला पेंचच्या जंगलात, जनावरांसाठी रस्त्याखालून वाटा ठेवल्या आहेत. भारतीय वन्यजीव संस्थेने तिथे कॅमेरे लावले आणि २०१९च्या मार्च ते डिसेंबरमध्ये १८ जातींच्या वन्यप्राण्यांची ५,४५० छायाचित्रं मिळाली. ११ वाघ ८९ वेळा त्या वाटांनी गेलेले दिसले. देशभरच्या २०१८च्या व्याघ्रगणनेत तर २६,८३८ ठिकाणच्या कॅमेऱ्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो दिले. त्यातले वाघाचे ७६,६५१. एवढ्या फाईली हाताने कोण चाळणार? वेळ वाचणं, ठिकाणानुसार लावणं, प्राण्यांप्रमाणे वेगळं करणं, हे सगळं सॉफ्टवेअरवर सोपवावं लागलं. पण जंगलातल्या या कॅमेऱ्यांत बहुधा जीपीएस नसतं. जागा वनरक्षकाच्या नोंदवहीतून येते. घड्याळही माणसानेच लावलेलं. वाघाच्या दोन्ही कुशींवरचे पट्टे वेगळे असल्याने वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरा लावतात. त्या दोघांच्या वेळांत तफावत पडली की डावी कूस आणि उजवी कूस एकाच वाघाची, हे सिद्ध करणं अवघड. बॅटरी काढताना घड्याळ मूळपदावर गेलं, तर सगळा महिना वाया जायची धास्ती. म्हणून कॅमेरा सुरू करताना त्याच्यासमोर तारीख-वेळ लिहिलेली पाटी धरून पहिला फोटो घेण्याची रीत आहे. फाईलमधली वेळ चुकली तरी पाटीवरून किती चुकली ते काढता येतं आणि मग एका आज्ञेत सगळ्या फाईलींच्या वेळा पुढेमागे सरकवता येतात.

सरकवता येतात, हेच न्यायालयाला खुपतं. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले आणि कैलास गोरंट्याल यांनी निकालाला आव्हान दिलं. वाद होता उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत दाखल झाला का, याचा आणि पुरावा होता अधिकाऱ्याच्या दालनातल्या व्हिडिओ चित्रणाचा. त्या चित्रणाच्या खरेपणाचं प्रमाणपत्र मागूनही मिळालं नव्हतं. १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की मूळ उपकरणच हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र हवंच. फाईल काय म्हणते याबरोबरच तिच्यासाठी सही करून उभं राहणारा माणूस कोण, हे कायदा विचारतो.

गावपातळीवर मात्र बहुतेक फोटो तिथवर पोहोचेपर्यंत रिकामे झालेले असतात. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की वेळ, जागा, मॉडेल, सगळं गळून पडतं. फाईलच्या नावात तारीख दिसते, पण ती फोटो काढल्याची नसते, पाठवल्या-मिळाल्याची असते. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर नोंदी शाबूत राहतात. खासगीपणाच्या दृष्टीने गळणं बरंच. २०१२मध्ये फरार असलेले अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी ग्वाटेमालात असल्याचं जगाला कळलं, ते एका नियतकालिकाने छापलेल्या फोटोत राहून गेलेल्या जीपीएसवरून. पण गारपिटीत झोपलेल्या गव्हाचा फोटो नंतर कुणाला दाखवायचा असेल, तर हे गळणं महागात पडतं.

१ जुलै २०२४पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला. त्यातल्या प्रमाणपत्रात फाईलचं हॅशही लिहावं लागतं, म्हणजे साऱ्या बाइटांवरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा. एक बाइट बदलला की तो आकडा पार बदलतो. फोन उभा धरून काढलेला फोटो संगणकावर आडवा दिसतो, तेव्हा २७४व्या नोंदीतला ६ बदलून १ केला आणि चित्र वळवून सेव्ह केलं, तरी हॅश नवं येतं. तेव्हा मान वाकडी करून पाहावं लागलं तरी चालेल. मूळ फाईलची प्रत आधी वेगळी काढावी, मग हवं तर फोटो सरळ करावा.