जुनी खतावणी, नवा संगणक
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

गोष्ट पातूरची आहे. अकोल्याहून वाशीमकडे निघाले की लागणारे हे तालुक्याचे गाव. तिथल्या एका बी-बियाण्याच्या दुकानात वीस-पंचवीस वर्षांपासून संगणक आहे. धंदा आपल्या भागात चालतो तसाच, उधारीचा. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याने खत, बियाणे उचलायचे आणि सोयाबीन, कापूस घरात आला की पैसे भरायचे. ही सारी उधारी संगणकावरच्या एका जुन्या प्रोग्रामात होती. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरे, माउसचे काम नाही. फॉक्सप्रोमध्ये लिहिलेला आणि डॉसवर चालणारा हा प्रोग्राम ज्याने करून दिला, तो मुलगा केव्हाच नोकरीला पुण्याला गेला.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा आधार कंपनीने थांबवला. दुकानदाराच्या मुलाने दिवाळीच्या वहीपूजनाला नवा संगणक आणला, विंडोज ११ चा. जुन्या संगणकातला प्रोग्राम त्यात उतरवला आणि सुरू करायला गेला, तर उत्तर आले की हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही. मुलगा हुशार. त्याने मित्राकडून डॉसबॉक्स नावाचे एक सॉफ्टवेअर आणले, जुन्याच आवृत्तीचे. त्यात प्रोग्राम चालू लागला आणि सारे खूश झाले.

महिनाभराने एक शेतकरी नवा माल न्यायला आला. मुलाने खाते उघडले, तर मागची बाकी तशीच उभी. त्याने पैसे मागितले. म्हातारा चकित झाला. "बाप्पू, म्या त पैसे भरले ना! तुह्या बाबाच्या हातात देल्ले." बाबांनाही आठवत होते, नोंद त्यांनी स्वतः केली होती. पण पडद्यावर नोंद नव्हती. तीच नव्हे, बाबांनी महिनाभरात केलेली एकही नोंद नव्हती. चार माणसांसमोर म्हाताऱ्याचा शब्द खोटा ठरत होता. त्याच संध्याकाळी मला बोलावणे आले.

त्या नोंदी कुठे गेल्या, ते शेवटी सांगतो. त्याआधी हे का घडते, ते समजून घेऊ. अशी अडचण फक्त एका दुकानाची नाही. छापखाने, दवाखाने, शाळांची कार्यालये अशा कितीतरी ठिकाणी जुने प्रोग्राम अजून इमाने-इतबारे काम करत आहेत.

संगणकाचा प्रोसेसर एका वेळी किती रुंद आकडा हाताळतो, ते 'बिट'मध्ये मोजतात. डॉस १९८१ साली आले, ते १६ बिटच्या जमान्यात. १९८५ मध्ये इंटेलचा ३८६ हा ३२ बिटचा प्रोसेसर आला. त्याच्या पोटात एक खास सोय होती: स्वतः नवा असूनही तो गरजेपुरता जुन्या प्रोसेसरसारखा वागू शकत असे. विंडोजने या सोयीच्या आधाराने आपल्या घरात एक दुभाषी ठेवला. डॉसचा प्रोग्राम त्याच्या भाषेत बोलायचा, दुभाषी ते विंडोजला सांगायचा. विंडोज १० च्या ३२ बिट आवृत्तीपर्यंत हा दुभाषी उपलब्ध होता.

प्रोसेसर जेव्हा ६४ बिटच्या रीतीने चालतो, तेव्हा ही जुनी सोय बंद असते. म्हणून ६४ बिट विंडोजमध्ये तो दुभाषी नाही. आणि विंडोज ११ तर फक्त ६४ बिटमध्येच निघाले. म्हणजे आपल्या दुकानातला प्रोग्राम बिघडला नव्हता, त्याची माहितीही नासली नव्हती. त्याची भाषा जाणणारा घरातून निघून गेला होता. आपल्याकडे जुन्या ट्रंकेत मोडीतले कागद निघतात, तसेच हे. कागद शाबूत असतो, शाई शाबूत असते. वाचणारा उरलेला नसतो.

मग डॉसबॉक्स काय करते? अशा सॉफ्टवेअरला एम्युलेटर म्हणतात. मी त्याला बहुरूपी म्हणतो. बहुरूपी पोलिसाचा वेष घेऊन दारात उभा राहिला की क्षणभर आपणही दचकतो. तसा हा एम्युलेटर जुन्या संगणकाचे सोंग घेतो: तोच प्रोसेसर, तोच पडदा, तेच स्पीकर, सारे काही खोटे, पण हुबेहूब. प्रोग्रामला वाटते, आपण आपल्या जुन्या घरीच आहोत.

हे सोंग इतके प्रामाणिक असते की जुन्या काळच्या मर्यादाही त्यात येतात. आपल्याकडच्या अनेक महाविद्यालयांत मुले बोरलँड कंपनीचे टर्बो सी++ वापरून प्रोग्रामिंग शिकली. १९९० साली आलेले हे सॉफ्टवेअर पुढे डॉसबॉक्सच्या आधाराने चालू राहिले. त्यात साधा पूर्णांक १६ बिटचा असतो, म्हणजे ३२,७६७ पर्यंतच जातो. त्यात एक मिळवला की उत्तर उणे ३२,७६८ येते. मुलाला वाटते, एम्युलेटर बिघडला. तो बिघडलेला नसतो. १९९० साली जे उत्तर आले असते, तेच तो देत असतो.

आता दुरुस्तीकडे वळू. पहिला नियम असा की काहीही करून पाहण्याआधी प्रत काढा. प्रोग्राम बंद करून त्याचा पूर्ण फोल्डर दोन वेगळ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यातला एक कपाटात ठेवा. पूर्ण फोल्डर म्हणण्याचे कारण आहे. फॉक्सप्रोची मुख्य माहिती 'डीबीएफ' फाइलमध्ये असते, पण लांबलचक शेरे वेगळ्या फाइलमध्ये आणि अनुक्रमणिका आणखी वेगळ्या फाइलमध्ये. एकच फाइल उचलली तर शेरे मागे राहतात, किंवा अनुक्रमणिका जुळत नाही आणि असलेली नोंद दिसत नाही. आणि जुना संगणक भंगारात देण्याची घाई करू नका. नवा संगणक एक पूर्ण हंगाम नीट चालेपर्यंत तो कोपऱ्यात राहू द्या.

त्यानंतर बिघाड कोणत्या पायरीवर आहे, ते शोधायचे. डॉक्टर आधी नाडी पाहतो, मग जीभ पाहतो. तसेच क्रमाने जायचे. एम्युलेटर स्वतः उघडतो का? त्याला आपला फोल्डर सापडतो का? प्रोग्राम सुरू होतो का? आणि सुरू झाल्यावर लिहिलेले टिकते का, छापले जाते का?

एम्युलेटर उघडतो पण पडदा काळा राहतो, असे झाले तर ऑल्ट आणि एंटर एकत्र दाबून तो छोट्या खिडकीत आणून पाहावा. जुनी आवृत्ती पडदा रंगवण्याची जी पद्धत वापरते, ती नव्या विंडोजला मानवत नाही. एम्युलेटरच्या सेटिंगच्या फाइलमध्ये ती बदलता येते. त्याहून सोपे म्हणजे एम्युलेटरची अलीकडची आवृत्ती घेणे. माउस खिडकीत अडकला तर कंट्रोल आणि एफ-१० दाबले की सुटतो.

फोल्डर सापडत नसेल तर पत्ता तपासा. नव्या विंडोजमध्ये डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट हे फोल्डर पुष्कळदा वनड्राइव्हच्या खाली हलवले जातात. आपल्याला ते जागच्या जागी दिसतात, पण त्यांचा पत्ता बदललेला असतो आणि एम्युलेटर जुन्याच पत्त्यावर जाऊन दार ठोठावतो. शिवाय डॉसला इंग्रजी आठ अक्षरांपर्यंतचेच नाव समजते. म्हणून सी ड्राइव्हवर थेट एक छोट्या नावाचा फोल्डर करून प्रोग्राम त्यात ठेवणे उत्तम.

प्रोग्राम सुरू होताच शून्याने भागण्याची चूक दाखवून बंद पडत असेल, तर दोष बहुधा वेगाचा असतो. टर्बो पास्कलमध्ये लिहिलेले काही प्रोग्राम सुरुवातीला संगणकाचा वेग मोजतात. संगणक फार वेगवान निघाला की उत्तर त्यांच्या मापात मावत नाही आणि २०० क्रमांकाची चूक येते. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल आणि एफ-११ ने वेग कमी होतो, एफ-१२ ने वाढतो. ही चूक सुरू होतानाच येते, म्हणून तिच्यासाठी वेग आधीच सेटिंगमध्ये कमी करून ठेवावा लागतो.

छपाईचा प्रश्न वेगळा. मूळ डॉसबॉक्स २००२ साली आले ते जुने खेळ खेळण्यासाठी, बिले छापण्यासाठी नव्हे. त्यात छपाईची सोय नाही, आणि एकाच वेळी दोन संगणकांवरून एकच खाते उघडले तर लिहिण्यावर जी कुलूपबंदी लागते, तिचाही भरवसा नाही. डॉसबॉक्स-एक्स ही त्याचीच पुढची शाखा; तिच्यात छपाईची सोय आहे. तरीही जुन्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरचे रुंद तोंड बसण्याची जागा नव्या संगणकाला नसते, त्यासाठी यूएसबीची वेगळी केबल लागते.

मराठीत काम करणाऱ्यांची अडचण आणखी खोल आहे. डॉसच्या काळात मराठी अक्षरे पडद्यावर आणण्यासाठी पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड संगणकात बसवत असत. अक्षरांसाठी इस्की हे भारतीय मानक होते. १९९१ साली ते मानक ब्यूरोने स्वीकारले. एम्युलेटर संगणकाचे सोंग घेतो, पण या कार्डाचे सोंग त्याला ठाऊक नाही. प्रोग्राम चालतो, मात्र नावांच्या जागी नुसत्या खुणा दिसतात. पुढे विंडोजवर आलेल्या मराठी फाँटांची तऱ्हा अशीच. प्रत्येक कंपनीने इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या क्रमाने मराठी तुकडे बसवले. तो फाँट नसला की मराठी मजकुराचा इंग्रजी कचरा होतो. मजकूर तेव्हाही गेलेला नसतो. कोणता फाँट होता ते कळले, तर युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधने मिळतात. म्हणून जुन्या फाइलबरोबर फाँटचे नाव कागदावर लिहून ठेवावे. काही सॉफ्टवेअरला मागून लावायचे छोटे कुलूप असे. ते नव्या संगणकात चालत नसेल तर विक्रेत्याशी बोलावे; कुलूप तोडलेली प्रत कुठून तरी आणली तर तिच्याबरोबर व्हायरस येण्याचीच शक्यता जास्त.

आता पातूरच्या दुकानाकडे परत येऊ. मी मुलाला विचारले, "बाबा आणि तू एकाच नावाने संगणक सुरू करता का?" तो म्हणाला, "नाही, दोघांची वेगवेगळी नावं आहेत." तिथेच गाठ सुटली.

मुलाने प्रोग्राम 'प्रोग्राम फाइल्स' या फोल्डरात ठेवला होता. २००७ सालच्या विंडोज व्हिस्टापासून या फोल्डरात सामान्य वापरकर्त्याला लिहिण्याची परवानगी नसते. पण जुनी सॉफ्टवेअर तिथेच लिहायला जातात. ती बंद पडू नयेत म्हणून विंडोज एक युक्ती करते. लिहायला आलेल्या फाइलची प्रत काढते, ती 'व्हर्च्युअल स्टोअर' नावाच्या आडबाजूच्या फोल्डरात ठेवते आणि पुढचे सारे लिहिणे त्या प्रतीत करते. ही प्रत प्रत्येक वापरकर्त्याची वेगळी. म्हणजे बाबा लिहीत होते त्यांच्या खतावणीत आणि मुलगा वाचत होता आपल्या खतावणीत. एकाच दुकानात, एकाच संगणकावर, दोन खतावण्या तयार झाल्या होत्या आणि त्यांना एकमेकींचा पत्ता नव्हता. 'ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा' असे केले असते तर तिसरीच, दिवाळीपूर्वीची मूळ खतावणी उघडली असती.

बाबांच्या खात्यातला तो आडबाजूचा फोल्डर उघडला. महिनाभराच्या सगळ्या नोंदी तिथे जशाच्या तशा होत्या, म्हाताऱ्याने भरलेले पैसेही. दोन्ही प्रती पेनड्राइव्हवर घेतल्या. बाबांची प्रत मुख्य धरली आणि मुलाने केलेल्या मोजक्या नोंदी बाप-लेकांनी बसून हाताने त्यात भरल्या. प्रोग्राम सी ड्राइव्हवरच्या साध्या फोल्डरात हलवला, तिथे दोघांनाही लिहिण्याची परवानगी दिली. दुसऱ्या दिवशी मुलगा स्वतः त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन बाकी फिटल्याचे सांगून आला. दुरुस्तीतला हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

एक गोष्ट मात्र त्यांना सांगितली आणि तुम्हालाही सांगतो. एम्युलेटर ही धर्मशाळा आहे, घर नव्हे. रात्र काढायला ती चांगली, पण पुढच्या प्रत्येक अपग्रेडला पुन्हा हाच प्रश्न येणार. म्हणून प्रोग्राम चालतो आहे तोवरच माहिती बाहेर काढून घ्यावी. डीबीएफ फाइलची प्रत लिबरऑफिससारख्या मोफत सॉफ्टवेअरच्या तक्त्यात उघडते. ती नव्या रूपात साठवता येते, छापताही येते. मूळ फाइलला हात लावू नये.

आणि वर्षातून एकदा, वहीपूजनाच्या दिवशी, सगळ्या बाक्यांची यादी कागदावर छापून तिच्यावर तारीख टाकून ठेवावी. त्या दुकानात आता ती यादी गल्ल्याच्या खणात असते. संगणक कोणताही असो, कागदावरची ती यादी वाचायला दुभाषी लागत नाही.