सुई, लोकर आणि बाळाचे बोट

कोजागिरी झाली, पहाटेचा गारवा अंगाला जाणवू लागला की माझ्या दवाखान्यातल्या बाकड्यावर दोन गोष्टी हटकून दिसू लागतात. एक, सर्दी-खोकल्याने बेजार झालेली मुले. आणि दुसरी, त्यांना घेऊन आलेल्या आज्यांच्या हातातले विणकाम. नंबर यायला तासभर असतो, तेवढ्यात स्वेटरच्या पाठीच्या चार-सहा ओळी सहज होतात. आत नाव पुकारले तरी "ही ओळ संपवून येते हं" असे उत्तर येते आणि आमचा कंपाउंडर कपाळाला हात लावतो.

परवा आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या काकू आल्या. वय सत्तरीला टेकलेले. त्यांची पिवळी बोटे पाहून कंपाउंडरने मला आत येऊन हळूच सांगितले, "डॉक्टर, कावीळ दिसते." काकूंनी ते ऐकले. "कावीळ कसली, कांद्याची साले उकळली काल!" त्या हसून म्हणाल्या. सुनेने मोबाइलवर कुठेतरी पाहून पांढऱ्या लोकरीच्या लड्या मागवल्या होत्या आणि सासू-सुना मिळून त्या घरीच रंगवत होत्या. काकूंची तक्रार मात्र अंगठ्याची होती. तिच्याकडे नंतर येतो.

आरोग्याच्या सदरात विणकामाचे काय काम, असे वाचकांना वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटले असते. पण चार हिवाळ्यांपूर्वी याच काकूंच्या घरात जे घडले, त्यानंतर मी तसे म्हणू शकत नाही.

त्यांचा पहिला नातू तेव्हा तीन-साडेतीन महिन्यांचा होता. दुपारपासून रडतो आहे, दूध घेत नाही, म्हणून संध्याकाळी आणला. ताप नव्हता. कान पाहिले, घसा पाहिला, छाती तपासली, पोट दाबून पाहिले. काही सापडेना. गर्दी होती, थंडीही होती. बाळाच्या पायात आजीने विणलेले सुरेख मोजे होते, घरी रंगवलेल्या लोकरीचे, पिवळ्या-तपकिरी-तांबड्या पट्ट्यांचे. मी त्या मोज्यांचे कौतुक केले, पोटात वात धरला असेल असे सांगितले आणि थेंब लिहून दिले. मोजे काढले नाहीत.

रात्री दहा वाजता दार वाजले. बाळ रडून रडून घोगरे झाले होते. यावेळी मी त्याला पूर्ण उघडे केले. उजव्या पायाचे तिसरे बोट जांभळे पडून बोरासारखे सुजले होते आणि त्याच्या मुळाशी एक खोल खाच होती. खाचेत लोकरीचा एक तंतू रुतलेला होता. सुजेमुळे तो नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हता. भिंग आणि जोराचा दिवा घेऊन, टाके काढायच्या बारीक कात्रीने तो कापला, उरलेला चिमट्याने काढला. माझे हात कधी नव्हे इतके घामेजले होते. अर्ध्या तासाने बोटावर गुलाबी रंग परत आला आणि बाळ तिथेच झोपले. आणखी काही तास गेले असते तर ते बोट राहिले असते याची खात्री मी देऊ शकत नाही.

असे घडते कसे? मोज्यात किंवा हातमोज्यात आतल्या बाजूला सुटा धागा असतो. बाळ पाय झाडते, बोटे हलवते, धागा बोटाभोवती फिरतो आणि आवळतो. आवळला की बोट सुजते, बोट सुजले की धागा आणखी आवळतो. बाळ सांगू शकत नाही, ते फक्त रडते. लोकरीच्या धाग्याने होते तसेच आईच्या गळलेल्या लांब केसानेही होते आणि बाळंतपणानंतर काही महिन्यांनी केस गळतातच. म्हणून कारण सापडत नसताना बाळ एकसारखे रडत असेल, तर त्याला पूर्ण उघडे करून हातापायांचे प्रत्येक बोट वेगळे करून पाहावे. मुलगा असेल तर शिश्नही पाहावे, तिथेही केस गुंडाळला जातो. धागा सैल दिसला तर कापावा. रुतलेला असेल तर ओढाओढ करू नये, तडक डॉक्टरकडे न्यावे. आणि डॉक्टर मोजे काढत नसतील तर आईने काढायला लावावेत. हे मी माझ्यावरूनच सांगतो आहे.

काकूंच्या मोज्यांत दोष विणीचा नव्हता, रंगांच्या संख्येचा होता. घरी रंगवताना एका पातेल्यात एकच छोटी लडी मावते, आणि दोन वेळच्या रंगाची छटा काही तंतोतंत जुळत नाही. त्यामुळे बायका अनेक रंग एकत्र करून पट्टे किंवा नक्षी विणतात. दिसते छानच. पण प्रत्येक रंग बदलताना दोन टोके सुटतात आणि नक्षीत मागच्या बाजूला आडवे धागे लोंबतात. मोठ्या माणसाच्या स्वेटरला त्याने काही बिघडत नाही. बाळाच्या मोज्यात तेच फास होतात. म्हणून रंगांची हौस दुपट्यावर, टोपीच्या गोंड्याशिवायच्या भागावर, मोठ्यांच्या मफलरवर भागवावी. तान्ह्याचे मोजे आणि हातमोजे एकाच रंगाचे विणावेत. टोके नुसती गाठ मारून कापू नयेत, बोथट सुईने टाक्यांतून दोन-तीन इंच मागेपुढे ओवून घ्यावीत. विणून झाले की उलटे करावे आणि दरवेळी घालण्यापूर्वी पुन्हा उलटे करून आत बोट फिरवून पाहावे, कारण धुण्यात ओवलेली टोकेही सुटतात. क्रोशाचे जाळीदार मोजे तर तान्ह्याला नकोतच, खांबांमधल्या भोकांतून बोटेच बाहेर येतात. टोपड्याला गळ्याशी बांधायची लांब नाडी लावू नये. अंगड्याला मणी, टिकल्या, सैल बटणे नकोत.

आता रंगाकडे वळू. कांद्याची साले, हळद, डाळिंबाची साल, मंजिष्ठ, पळसाची फुले ही आपल्याकडची रंगाची सामग्री. पळस फुलतो फाल्गुनात आणि लोकर हवी असते कार्तिकात, तेव्हा फुले सावलीत वाळवून ठेवावी लागतात. हे मला काकूंनीच शिकवले. हळदीचा रंग झळझळीत येतो आणि उन्हात उडून जातो. कांद्याच्या सालींचा सोनेरी-तांबूस रंग त्यापेक्षा टिकतो. तो लोकरीत नीट बसावा म्हणून तुरटी लागते, १०० ग्रॅम कोरड्या लोकरीला १० ते १२ ग्रॅम पुरते. लोकर आधी कोमट पाण्यात भिजवायची, तुरटीच्या पाण्यात आणि मग रंगाच्या पाण्यात हळूहळू तापवायची, खळखळ उकळू द्यायची नाही, आणि त्याच पातेल्यात निवू द्यायची. गरमातून एकदम गार पाण्यात टाकली किंवा चोळली तर लोकर आटून घट्ट होते. अशा आटलेल्या मोज्याची किनार बाळाच्या घोट्यावर वळ उठवते. किनारीत आपले बोट सहज जायला हवे.

इथवर सगळे ठीक. पण "नैसर्गिक रंग, म्हणजे निर्धोक" हे मात्र खरे नाही. रंग पक्का करण्यासाठी कोणी मोरचूद सुचवतो. द्राक्षबाग असलेल्या घरात बोर्डो मिश्रणासाठी आणलेला मोरचूद असतोच. काकूंच्या मुलाचीही बाग आहे आणि त्यांनी चमचाभर मोरचूद रिकाम्या सरबताच्या बाटलीत कालवून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला होता! निळेशार पाणी, सरबताची बाटली आणि घरात चार वर्षांचा नातू. मोरचूद पोटात गेला तर हिरवट-निळ्या उलट्या होतात, रक्ताच्या पेशी फुटतात, यकृत आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. मी ती बाटली त्याच दिवशी काढायला लावली. जुन्या रंगकामाच्या पद्धतींत पोटॅशियम डायक्रोमेट नावाचे नारिंगी मीठही वापरत. त्याने हातावर चिवट इसब उठते आणि त्याची धूळ श्वासातून जाणे कर्करोगाच्या दृष्टीने घातक आहे. घरी त्याला थारा देऊ नये. तुरटीवर समाधान मानावे, रंग थोडा फिका आला तरी चालेल.

बाजारी पुडीचे रंग वापरायचे तर पुडीवर कंपनीचे नाव, रंगाचा प्रकार आणि सूचना छापलेल्या असाव्यात. काही अॅझो रंगांतून कर्करोगाला कारण होऊ शकणारी द्रव्ये सुटतात. अशा रंगांवर केंद्र सरकारने १९९७ साली बंदी घातली. सगळेच अॅझो रंग वाईट नाहीत, पण बिननावाच्या सुट्या पुडीत कोणता रंग आहे हे तुम्ही-आम्ही कसे ओळखणार? धुळवडीचा उरलेला रंग तर लोकरीला मुळीच लावू नये. पुडी उघडताना खिडकी उघडी, पंखा बंद, नाकाला मास्क, खाली ओला वर्तमानपत्राचा कागद. (हे वर्तमानपत्र वाचून झाल्यावर चालेल.) दम्याच्या माणसाने पुडी उघडूच नये. हातात रबरी मोजे घालावेत. आणि रंगाचे पातेले, पळी, गाळणी एकदा रंगाला लावली की ती कायमची रंगाची. "घासून घेतले की झाले" असे म्हणत ते पातेले पुन्हा भाताला लावू नये.

रंगवलेली लोकर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावी. वाळल्यावर ओल्या पांढऱ्या फडक्याने चोळून पाहावी. फडक्याला रंग लागला तर ती बाळासाठी नव्हे, कारण बाळ मोजा तोंडात घालून चोखतेच.

लोकरीने अंग खाजते, म्हणजे लोकरीची अॅलर्जी, असे बहुतेकांना वाटते. बहुधा ती अॅलर्जी नसते, जाड तंतूंची टोके कातडीला टोचतात इतकेच. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर घोंगडीसाठी उत्तम, पण तान्ह्याच्या गळ्याशी ती चालणार नाही. मऊ बारीक लोकर घ्यावी आणि इसब असलेल्या मुलाला आत सुती झबले घालावे. दुकानात लोकर म्हणून मिळते त्यातले पुष्कळसे अॅक्रिलिक असते. त्यावर कांद्याची साले किंवा हळद नीट चढत नाही, हा एक तोटा. दुसरा मोठा. वितभर धागा चिमट्यात धरून पाण्याच्या परातीवर पेटवून पाहा, अर्थात मोठ्या माणसानेच. खरी लोकर केस जळल्यासारखा वास देते, ज्योत काढली की बहुधा विझते आणि राख बोटाने चुरडते. अॅक्रिलिक भुरभुर पेटते, वितळते आणि त्याचा काळा कडक मणी होतो. वितळलेला तो थेंब कातडीला चिकटतो. शेकोटीपाशी आणि चुलीपाशी वावरणाऱ्याने सैल बाह्यांचा अॅक्रिलिकचा स्वेटर घालू नये.

आणखी एक. दुपारी उन्हाचे टोपडे, स्वेटर, दुपटे अशा थरांत गुंडाळलेले बाळ "ताप आलाय" म्हणून येते. कपडे काढून पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा मोजले की पुष्कळदा ताप नसतो. नवजात बाळाला सुरुवातीच्या दिवसांत टोपी हवी. पुढे घरात झोपताना डोके झाकण्याची गरज नाही.

आता काकूंचा अंगठा. मनगटाच्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी दुखत होते. अंगठा मुठीत घेऊन मूठ करंगळीकडे वाकवली की त्या कळवळल्या. तिथल्या स्नायूबंधांचे आवरण सुजते. विणणाऱ्यांना आणि बाळ सारखे उचलणाऱ्या आईलाही हे होते, त्यामुळे एकाच घरात सासू-सुनेला एकदम झालेलेही मी पाहिले आहे. रात्री अंगठा आणि शेजारची दोन बोटे बधिर होऊन झोपमोड होत असेल तर ते दुखणे वेगळे. तेव्हा साखर आणि थायरॉइड तपासून घ्यावे.

पूर्वीचा मी असतो तर "विणकाम बंद" असे सांगून मोकळा झालो असतो. पण त्या बोटाच्या प्रसंगानंतर काकूंनी आपण होऊन सुया माळ्यावर टाकल्या होत्या. दोन हिवाळे त्यांनी लोकरीला हात लावला नाही. झोप उडाली, जेवण कमी झाले, कोणाशी बोलेनात. शेवटी सूनच माझ्याकडे आली. "डॉक्टर, आईंना तुम्हीच सांगा. माझं ऐकत नाहीत. मी त्यांना एका शब्दानं बोलले नाही हो." मी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले, धागा तुमचा होता, पण संध्याकाळी मोजा न काढणारा मी होतो. मग पहिल्यांदा त्या रडल्या. महिनाभराने क्रोशाच्या चौकोनांचे एक दुपटे सुरू झाले.

तेव्हा या वेळी अंगठ्याला आधाराचा पट्टा दिला, तीन आठवडे फक्त क्रोशा नाही आणि दोन सुयांचे कामही नाही, असे बजावले. त्यानंतर जाड सुया, एका वेळी वीस मिनिटे, जड विणकाम मांडीवर उशी घेऊन, आणि गडद रंगाचे काम दिवसाउजेडी. चष्म्याचा नंबर तपासायला पाठवले. दुखणे राहिले असते तर इंजेक्शनचा विचार केला असता. तशी वेळ आली नाही.

सुनेला आता दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत. काल काकू पुन्हा आल्या, औषधासाठी नव्हे. पिशवीतून कांद्याच्या सालीच्या रंगाचे मोजे काढून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवले, उलटे करून. "बघा बरं." मी आत बोट घालून फिरवले. एका मोज्याच्या टाचेशी नखाएवढे टोक हाताला लागले. काकूंनी काही न बोलता चष्मा चढवला, पिशवीतून सुई काढली आणि बाहेर बाकड्यावर जाऊन बसल्या.