पायाचा पेच : दुखेपर्यंत थांबू नका!

काही दिवसांपूर्वी विशीतला एक तरुण लंगडत दवाखान्यात आला. घरात कुस्तीची परंपरा. शिक्षणासाठी शहरात गेल्यावर तो तेथे ब्राझिलियन जिउ-जित्सू शिकू लागला होता. सरावात जोडीदाराने त्याची टाच धरून पिळली. "डॉक्टर, फारसं दुखत नव्हतं, म्हणून मी जोर लावून पाय सोडवायला गेलो. तेवढ्यात गुडघ्यात टक् असा आवाज झाला," तो सांगत होता. तपासणीत गुडघ्यातील एक महत्त्वाचा अस्थिबंध तुटल्याचे आढळले. "फारसं दुखत नव्हतं" या त्याच्या शब्दांतच या पेचाचा सारा धोका आहे.

जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये पोहोचले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी शिकले आणि ग्रेसी कुटुंबाने हा खेळ तेथे वाढवला. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती निकाली निघते. या खेळात मात्र गळा आवळून किंवा सांध्याला पेच घालून प्रतिस्पर्ध्याला शरण आणता येते. हरणाऱ्याने हाताने थाप मारायची आणि थाप पडताच दुसऱ्याने पेच सोडायचा, हा येथला पहिला नियम.

वेदना उशिरा का येते?

गुडघा हा मुख्यतः दाराच्या बिजागरीसारखा सांधा आहे. तो वाकतो आणि सरळ होतो. फिरतो तो अगदी थोडा. हाडाला हाड बांधून ठेवणारे चिवट पट्टे, म्हणजे अस्थिबंध, त्याला जागेवर ठेवतात. घोट्याच्या सरळ पेचात पाऊल मागे रेटले जाते. त्यात घोटा आणि टाचेमागची शीर यांवर ताण येतो आणि बहुधा लवकर दुखू लागते. टाच पिळण्याच्या पेचात मात्र पाऊल मुठीसारखे वापरून सारा पाय फिरवला जातो. पीळ नडगीतून वर चढतो आणि गुडघ्यात अडकतो. अस्थिबंध ताणाच्या टोकाला येईपर्यंत वेदना फारशी जाणवत नाही. जाणवते तेव्हा तो फाटायला क्षणाचाही अवधी उरलेला नसतो.

म्हणूनच ज्युदोच्या स्पर्धांत पायाचे पेच चालत नाहीत. तेथे फक्त कोपराच्या सांध्याला पेच घालता येतो. जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने टाच पिळण्याच्या पेचाला २०२१ मध्ये परवानगी दिली, तीही फक्त तपकिरी व काळ्या पट्ट्याच्या प्रौढ खेळाडूंना आणि अंगरख्याविना होणाऱ्या लढतींतच. नवशिक्या प्रौढांना घोट्याचा सरळ पेच तेवढा चालतो. लहान मुलांना तोही नाही.

शिकायचेच असेल तर

हे पेच शिकू नयेत, असे मुळीच नाही. सुटका ठाऊक नसलेल्यालाच दुखापतीचा धोका अधिक. मात्र क्रम पाळावा.

१. आधी थाप मारायला शिका. आखाड्यात दुखणे सोसणे हा गुण मानतात. येथे तीच सवय नडते. टाच पक्की पकडली गेली आणि गुडघा सुटत नसेल, तर दुखो वा न दुखो, थाप मारा. हात अडकले असतील तर तोंडाने सांगा.

२. मग सुटका शिका. टाच हाती लागू न देणे आणि गुडघा प्रतिस्पर्ध्याच्या मांड्यांच्या कचाट्यातून बाहेर काढणे, हे दोन धडे संथपणे गिरवावेत. पिळाच्या विरुद्ध दिशेने झटका कधीही देऊ नये.

३. शेवटी पेच घालणे. पकड बसली की थांबावे. झटका देऊन पिळू नये. जोडीदाराचा गुडघा आपल्या हाती दिलेली ठेव आहे, हे विसरू नये.

इजा झालीच तर

सराव ताबडतोब थांबवावा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे लावावा, पट्टी बांधून पाय उंचावर ठेवावा. तेल लावून चोळणे किंवा पाय ओढून घेणे टाळावे. 'टक्' आवाज झाला असेल, काही तासांतच गुडघा सुजला, चालताना दगा देऊ लागला किंवा मध्येच अडकू लागला, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. क्ष-किरण चित्रात हाडे दिसतात, अस्थिबंध दिसत नाहीत. त्यासाठी एमआरआय तपासणी लागू शकते. "एक्स-रे चांगला आला" म्हणून पुन्हा सरावाला जाणे अंगाशी येते.

प्रत्येक फाटलेल्या अस्थिबंधाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. पण ती करावी लागली, तर पुन्हा खेळात उतरायला साधारण नऊ महिने ते वर्ष जाते. आमचा हा तरुण आता रोज मांडीचे व्यायाम करतो आहे. परवा जाताना हसून म्हणाला, "डॉक्टर, एक थाप मारली असती तर आज मॅटवर असतो." वेळीच मारलेली थाप ही हार नव्हे, उद्याच्या सरावाची ती सोय आहे.