किल्ली फिरते, पण गाडी सुरू होत नाही

बाजारातून कापून आणलेली नवी किल्ली दार उघडते, इग्निशनमध्ये फिरतेही, पण इंजिन काही सुरू होत नाही. कारण असतं किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत. तिथे तांदळाच्या दाण्याएवढी ट्रान्सपाँडर चिप बसवलेली असते. तिला बॅटरी लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं. त्यातून साधारण १२५ किलोहर्ट्झच्या लहरी निघतात, त्यांच्याच ऊर्जेवर चिप आपला कोड पाठवते. गाडीतल्या इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, तो ओळखीचा नसेल, तर इंजिनाला इंधन किंवा ठिणगी मिळतच नाही. रिमोटचं सर्किट वेगळं, म्हणून त्याचा सेल संपला तरी गाडी सुरू होते. युरोपीय संघाने १९९८ पासून नव्या मोटारींना इमोबिलायझर सक्तीचा केला.

किल्ली प्रोग्रॅम करणं म्हणजे तिचा कोड गाडीच्या यादीत चढवणं. स्टिअरिंगखालच्या ओबीडी (गाडीच्या तपासणीच्या) सॉकेटला स्कॅनर जोडतात, बहुतेक गाड्यांत सुरक्षा पिन घालतात आणि एकेक किल्ली नोंदवतात. फोर्डच्या काही जुन्या मॉडेलांत मात्र नोंदलेल्या दोन किल्ल्या हाताशी असल्या, तर तिसरी घरीच नोंदवता येते.

किल्ली हरवली असेल, तर जुनी यादी पुसून हाती असलेल्या किल्ल्या नव्याने नोंदवायला सांगाच. मग हरवलेल्या किल्लीने इंजिन सुरू होणार नाही. दार मात्र उघडेल, तेव्हा आत मोलाचं काही ठेवू नका. आणि एकच किल्ली उरली असेल, तर दुसरी आत्ताच करून घ्या. शेवटचीही गेली, की मालकी सिद्ध करून पिन मिळवावा लागतो आणि खर्चही बराच वाढतो.