बंदरे आणि देवस्थाने (भाग ७) : कान्हेरीचे बंदर

या आठवड्यात चौलला जायचे ठरले होते, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो आहे. सुलतानपूरच्या एका वाचकाने विचारलेल्या प्रश्नाचा निकाल चौलच्या आधी लागला पाहिजे. क्रूझवरचा प्रवासी हिरोशिमाला उतरतो, फेरीबोटीने मियाजिमाला जातो आणि इत्सुकुशिमाचे भरतीच्या पाण्यात उभे असलेले १६ मीटरहून उंच तांबडे तोरण पाहतो. तिथे बंदर आणि देवस्थान यांचे नाते सांगावे लागत नाही, समोर दिसते. मग आपल्या किनाऱ्यावर अशी जोडी का दिसत नाही, असा त्यांचा प्रश्न आहे. माझे उत्तर असे : जोडी आपल्याकडेही होती आणि ती जपानच्या जोडीपेक्षा जुनी होती. तिच्यातले बंदर, म्हणजे सोपारा, गाळाने बुजले आणि देवस्थान तेवढे डोंगरावर राहिले. त्या देवस्थानाला आपण आज कान्हेरीची लेणी म्हणतो आणि सोपाऱ्याचा विचारही मनात न आणता ती पाहून परततो.

आधी पुरावा पाहू. कान्हेरी साष्टी बेटाच्या डोंगरात आहे. उत्तरेला वसईच्या खाडीपलीकडे सोपारा, पूर्वेला उल्हास नदीवर कल्याण, दक्षिणेला चौल. पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशाच्या ‘पेरिप्लस’मध्ये ही तिन्ही बंदरे नावानिशी येतात. कान्हेरीच्या भिंतींवरचे दानलेख वाचू लागलो, की हीच गावे पुन्हा भेटतात. सोपाऱ्याचा मणिकार नागपालित, कल्याणचा सोनार सामिदत्त, चेमुल म्हणजे चौल इथले दाते. तिसऱ्या क्रमांकाचे मोठे चैत्यगृह सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळात गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी करवले. दान काय दिले तेही पाहण्याजोगे आहे. सामिदत्ताने पोढी दिली. पोढी म्हणजे लेण्याच्या दाराशी खडकात खोदलेले पाण्याचे टाके. कातळात कोरलेल्या बारीक पन्हळींतून पावसाचे पाणी या टाक्यांत उतरते. शंभराहून अधिक लेण्यांची वस्ती डोंगरावर टिकली ती या पोढ्यांच्या जोरावर, आणि त्यातल्या एका पोढीचा खर्च खाली बंदरातल्या सोनाराने उचललेला आहे.

यावर पहिला आक्षेप असा येईल, की हे निव्वळ पुण्यकर्म आहे, त्यात बंदर कशाला शोधायचे? लेखांत आईबापांच्या पुण्यासाठी, सर्व जीवांच्या हितासुखासाठी असे शब्द आहेत, आणि ते दात्यांनी मनापासून लिहवले यात मला शंका नाही. राजघराण्यातल्या स्त्रिया, भिक्षू, भिक्षुणी यांचीही दाने तिथे आहेत. पण पुण्य आणि व्यापार यांत त्या माणसांनी भिंत घातलेली नव्हती. नाशिकच्या पांडवलेण्यांतले दहावे लेणे घ्या. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने तिथे आपली दाने नोंदवली आहेत. इबा, पारादा, दमण, तापी, करबेणा आणि डाहाणुका या नद्यांवर त्याने नावा ठेवून फुकट उतार करून दिला. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे प्रवाशांसाठी निवारे बांधले. त्याच लेण्यात त्याने भिक्षूंच्या चीवरासाठी म्हणजे वस्त्रासाठी आणि इतर खर्चासाठी ३००० कार्षापण नाण्यांची कायमची ठेव लिहून ठेवली आहे. त्यांतले २००० विणकरांच्या एका श्रेणीकडे म्हणजे व्यवसायसंघाकडे दरमहा शेकडा १ व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण दराने. मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे. नाव, धर्मशाळा, व्याज आणि चीवर हे सगळे एका माणसाच्या एका पुण्यात बसते. वाटेवरच्या माणसाची सोय करणे हाच त्या काळच्या धर्माचा मोठा भाग होता, आणि सगळ्यांत जास्त वाट तुडवणारा माणूस व्यापारी होता. कान्हेरीतही अशा अक्षयनीवी म्हणजे कायमच्या ठेवी आहेत. अगदी नवव्या शतकात, राष्ट्रकूट अमोघवर्षाच्या काळात, गौड म्हणजे बंगालकडून आलेल्या अविघ्नाकराने तिथे १०० द्रम्म नाणी ठेवली. इतक्या लांबचा माणूस आपले पैसे या डोंगरावर सुरक्षित मानतो, यातच त्या जागेची पत दिसते.

दुसरा आक्षेप अंतराचा आहे. कान्हेरी काही धक्क्यावर नाही. बोरिवलीच्या जंगलात, चढणीवर आहे. इथे जपानचे दुसरे उदाहरण उपयोगी पडते. शिकोकू बेटावरचे कोतोहिरा हे जपानी दर्यावर्दींचे फार मोठे दैवत. ते समुद्रकाठी नाही, आत डोंगराच्या अंगावर आहे. मुख्य देवळापर्यंत ७८५ पायऱ्या चढाव्या लागतात. तिथल्या चित्रमंडपात जहाजांची चित्रे टांगलेली आहेत, खलाशांनी आणि जहाजमालकांनी वाहिलेली. ज्यांना बोट सोडून वर जाणे जमत नसे, ते लाकडी पिंपात नाणी घालून पिंप समुद्रात सोडत. ज्याला ते सापडेल त्याने देवळात पोचवायचे, अशी रीत होती. बंदराचा देव काठावरच असावा लागतो हा नियम जपानमध्येही नाही. देव कुठे आहे यापेक्षा तिथे कोण जाते, कोणाच्या पैशाने दिवा लागतो, हे महत्त्वाचे.

तिसरा आक्षेप अभ्यासू वाचकाचा असेल : तिकडे शिंतो देवळे, इकडे बौद्ध विहार, तुलना बसत नाही. पण जपानमध्ये ही दोन दालने पूर्वी वेगळी नव्हती. कोतोहिरा १८६८ पर्यंत मिश्र देवस्थान होते. मेइजी सरकारच्या आदेशाने त्यातला बौद्ध भाग बाजूला काढला गेला. तिथे पूजला जाणारा कोंपिरा मुळात भारतातून बौद्ध ग्रंथांबरोबर गेलेला कुंभीर. मियाजिमावरच्या दाइगान्जीत बेंझाइतेन आहे, म्हणजे आपली सरस्वती. इत्सुकुशिमाला आजचे वैभव देणारा ताइरा नो कियोमोरी याने १२ व्या शतकात चीनशी व्यापार वाढवण्यासाठी आजच्या कोबेजवळचे ओवादा बंदर सुधारले, आणि त्याच्याच घराण्याने इत्सुकुशिमाला सोन्याचांदीने मढवलेल्या बौद्ध सूत्रांच्या गुंडाळ्या वाहिल्या. बंदर बांधणारा आणि देवळाला देणारा माणूस एकच. जपानच्याच ओकिनोशिमा बेटावर चौथ्या ते नवव्या शतकातली सुमारे ८०,००० अर्पणे मिळाली, त्यांत कोरियातली सोन्याची अंगठी आणि इराणी काचपात्राचा तुकडा आहे. समुद्रावरून जे आले त्याचा वाटा देवाकडे गेला. कान्हेरीच्या पोढीत आणि या अंगठीत मला एकच व्यवहार दिसतो.

मग फरक कुठे पडला? इत्सुकुशिमाला समुद्र देवळाच्या पायाशी राहिला आणि पूजा अखंड चालली. आपल्याकडे दोन्ही तुटले. सोपाऱ्याची खाडी गाळाने भरली, व्यापार दुसऱ्या बंदरांकडे वळला, विहार ओस पडले. १८८२ मध्ये पुरातत्त्वज्ञ भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप खणला तेव्हा अस्थिकरंड आणि आठ कांस्य बुद्धमूर्ती निघाल्या; अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही त्यांनी सोपाऱ्यातच शोधला. त्या मूर्ती आज मुंबईत एशियाटिक सोसायटीत आहेत, स्तूप नालासोपाऱ्यात आहे, दात्यांची नावे कान्हेरीत आहेत. एका गावाचा इतिहास तीन ठिकाणी विखुरला, म्हणून जोडी दिसत नाही.

समुद्र न पाहिलेल्या बुलढाण्याच्या वाचकाने याच्याशी नाते का मानावे, हेही सांगतो. आपल्या जिल्ह्याला लागून जालन्यात भोकरदन आहे, जुने भोगवर्धन. सांची आणि भारहूतच्या स्तूपांवर भोगवर्धनच्या दात्यांची नावे कोरलेली आहेत. तिथल्या उत्खननात हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी जवळचे साम्य असलेली मूर्ती १९३८ मध्ये इटलीतल्या पाँपेईत मिळाली होती, म्हणजे इ.स. ७९ च्या ज्वालामुखीपूर्वी ती तिकडे पोचलेली होती. आपल्या शेजारचे गाव एका हाताने स्तूपाला देत होते आणि अशा वस्तूंना दर्यापारचे गिऱ्हाईक मिळत होते. घाट उतरणारी वाट बंदराला मिळत होती आणि त्या वाटेवर ठिकठिकाणी लेणी होती.

म्हणून जपानला जाऊन आलेल्या वाचकांना माझा आग्रह आहे, की तिथली नजर इथेही वापरा. नालासोपारा आणि बोरिवली ही पश्चिम रेल्वेच्या एकाच मार्गावरची स्थानके आहेत. सकाळी स्तूप, मग कान्हेरी, असा एक दिवस काढा. कान्हेरी सोमवारी बंद असते, तो वार टाळा. लेण्यात शिरल्यावर मूर्तीच्या आधी भिंतीवरचा लेख शोधा आणि दाता कोणत्या गावचा, धंदा काय करणारा, दान कशासाठी, हे तीन प्रश्न विचारा. पुढच्या आठवड्यात चौल नक्की, रशियन प्रवासी अफनासी निकितीनसह. खामगावच्या कापसाचा आणि कोबेच्या आगबोटींचा विषय त्यानंतर.